बिनव्याकरणाचं इंग्रजी

कोंढा, ५ ऑगस्ट २०१८, रविवार

पाटी लागली एकदाची. 'केशवराव सरांचा शुद्ध इंग्रजी वर्ग', अंगणाकडच्या खोलीच्या दारावर. पवनीच्या पेंटरनं आधी इंग्रजीतून रंगवून पाठवली होती आणि त्यात 'ग्रामर' याच शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं. परत पाठवली तर फोनवर म्हणतो, "सगळे असंच लिहितात जी, सर." हा सगळे नावाचा माणूस मला एकदा भेटला पाहिजे. शेवटी मराठीत रंगवून घेतली.

जूनमध्ये हायस्कूलमधून रिटायर झालो. घरी बसून काय करू? गावात लग्नाची पत्रिका असो, दुकानाचा बोर्ड असो, पोराच्या नोकरीचा अर्ज असो, इंग्रजी म्हटलं की लोक आजवर माझ्याचकडे येत आले. "सरले दाखवून आण" ही इथली रीत. मी लाल पेन घेऊन बसतो. कोणी 'कझिन ब्रदर' लिहितो, कोणी 'रिटर्न बॅक', कोणाला 'प्रिन्सिपल'ची दोन स्पेलिंगं असतात हेच ठाऊक नाही. टाळकं सरकतं, पण पेन चालतं.

सत्यभामा म्हणते, कायले एवढं मनावर घेता. तिला काय सांगू? १९८४ साली भंडाऱ्याला एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. अर्जात एक चूक होती. तिथल्या बाबूनं तो अर्ज टेबलावरच्या सगळ्यांना दाखवला, सगळे हसले, आणि एकजण म्हणाला, यांचं असंच असते. त्याच्याच डोक्यावर भिंतीला लावलेल्या सूचनेत माझ्याहून मोठी चूक होती. तिला कोणी हसत नव्हतं. त्यांच्या चुकीला चूक म्हणतात, आमच्या चुकीला जात म्हणतात. त्या दिवसापासून मी चूक केलेली नाही आणि माझ्या हाताखालच्या पोरांना करू दिलेली नाही.

ही दैनंदिनी मात्र मराठीत. मराठीत मी घरचा, कसाही पसरून बसेन. इंग्रजी परक्याचं घर आहे, तिथं पाय पुसूनच जावं.

१९ ऑगस्ट, रविवार

अश्वजित आला होता. पेढे आणले, पाया पडला. गावातल्या शकुनबाईचा हा मुलगा. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या वर्षी, १९९९ ला, पाचवीत होता, तेव्हापासून बारावीपर्यंत माझ्याच घरी अभ्यासाला. सत्यभामेच्या हातची भाकर खाऊन वाढला. पोटच्या पोरासारखा मानला त्याला. पुढे पुण्यात फोनवर बोलायची नोकरी केली, आता परत आलाय.

पेढा तोंडात होता तेव्हाच सांगितलं त्यानं. गावात इंग्रजी बोलायचा क्लास काढतोय म्हणे. मी म्हटलं, अरे, माझा वर्ग निघाला ना आताच, त्यातच ये, हाताखाली शिकव. तर मान खाली घालून बसला. मग खिशातून जाहिरातीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वरच लिहिलेलं, 'मायसेल्फ अश्वजित'. खाली, 'लूज युअर फिअर', त्यात एक ओ जास्त, म्हणजे भीती घालवा नव्हे, सैल करा. आणि सर्वांत खाली जाड अक्षरात: 'लर्न इंग्लिश विदाऊट ग्रामर'.

माझ्या हाताखालून गेलेला पोरगा! मी लाल पेन काढलं. त्यानं कागद हळूच ओढून घेतला. म्हणाला, "सर, मी आठ वर्षं तुमच्यापाशी शिकलो जी. पुण्यात पहिला फोन आला तवा सगळे नियम मले याद होते. तोंडच नाही उघडलं."

म्हणजे दोष माझा! नियम आठवत होते म्हणतो, मग आणखी काय पाहिजे होतं? सत्यभामेनं त्याला जेवायला थांबवलं. मी जेवलो नाही.

२ सप्टेंबर, रविवार

प्रतिक्षाचा बंगलोरहून फोन. जावई केरळचे, म्हणून त्यांच्या घरात सगळं इंग्रजीत. नात टीना सहा वर्षांची झाली, आजी-आबा सोडून मराठीचा एक शब्द येत नाही. प्रतिक्षा पुन्हा आईच्या मागे लागली की चार महिने इथं येऊन राहा. सत्यभामा नेहमीसारखं म्हणाली, तिथं मी कोनाशी बोलू बापा, टीनाशीबी बोलता येत नाही. बरोबरच आहे तिचं. ती माझ्याशिवाय पवनीच्या पुढे गेलेली नाही.

मागे एकदा तिनं प्रयत्न केला होता. टीनाला म्हणाली, "हाऊ यू आर?" मी तिथंच थांबवलं. पुन्हा म्हणवून घेतलं. पुन्हा चुकली, पुन्हा म्हणवून घेतलं. तोवर टीना फोन टाकून खेळायला गेली. आजकालच्या पोरांना धीर म्हणून नाही. माझ्याशी तरी कुठे नीट बोलते? काही विचारते, मी उत्तराला सुरुवात करतो, की पसार.

मंडईला येतो म्हणाली प्रतिक्षा. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की लेकी-जावई, सगे-सोयरे गोळा होतात. तेवढ्यासाठी तरी येतात.

१५ सप्टेंबर, शनिवार

खुशबूनं वर्ग सोडला. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिचे वडील येऊन सांगून गेले, अभ्यास जास्त झाला म्हणून. तासाभरानं मी चौकात गेलो तर हीच खुशबू अश्वजितच्या क्लासातून हसत बाहेर पडताना दिसली. मला पाहून म्हणाली, "गुड नाईट, सर!" संध्याकाळी भेटल्यावर गुड नाईट! तिला मी तिथंच उभी करून सांगितलं असतं, पण ती पळाली.

अंगणातल्या खोलीत आता दोन पोरं येतात. त्यातला एक झोपतो.

सत्यभामा पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला रोज दुपारी बुद्धविहारात जाते. निदान ती तरी नियमाची आहे.

३० सप्टेंबर

हिरालाल, तो मंडईच्या समितीवर आहे, सांगत होता की अश्वजितनं बायकांचीही बॅच सुरू केली. म्हणे धुणं-भांडी आटपून येतात आणि एकमेकींना इंग्रजीत कांदे-बटाटे विकतात. मला हसू आवरेना. कोणाच्या बायका असतील त्या, त्यांच्या नवऱ्यांना काही वाटत नसेल?

सत्यभामेला सांगितलं तर ती हसली नाही. तांदूळ निवडत बसली.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

काल पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीर होती. माझी वाटी सत्यभामेनं घरी आणली.

आज दुपारी ती पुन्हा विहारात गेली.

४ नोव्हेंबर, रविवार

करंज्या झाल्या. तळताना ही मांजरीला म्हणत होती, "नो, नो. हॉट." मांजरीला इंग्रजी कशाला? विचारलं तर म्हणाली, टीव्हीवर ऐकलं. फोनवर टीनाशीही आजकाल स्वयंपाकघरात जाऊन बोलते. मी गेलो की फोन ठेवते. हसण्याचा आवाज मात्र बाहेर येतो. शब्द येत नसताना या दोघी कशाला हसत असतील?

ग्रंथवाचन संपलं तरी विहारात जाणं चालूच. महिला मंडळाचं काही असेल. मी विचारत नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला कुठे जातेस म्हणून विचारायची वेळ तिनं येऊ दिलेली नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार

आज फार आनंदात आहे. हिरालाल आणि अश्वजित दोघं आले होते. मंडईच्या दिवशी शाळेच्या पटांगणात, रात्रीच्या नाटकाच्याच स्टेजवर, दुपारी अश्वजितच्या क्लासचा कार्यक्रम. त्याची शिकलेली माणसं गावापुढे दोन-दोन मिनिटं इंग्रजीत बोलणार. आणि अध्यक्ष म्हणून त्याला मीच पाहिजे! "तुमच्याशिवाय कोन जी?" म्हणाला.

पोराला आपण काय करून बसलो ते समजलेलं दिसत नाही. आमच्याकडे अध्यक्ष शेवटी बोलतो. अध्यक्ष बोलला की कार्यक्रम संपला, त्याच्यावर कोणी बोलत नाही. मी मागच्या बाजूला बसून सगळं ऐकेन, टिपून घेईन, आणि शेवटी उठून एकेक चूक गावाला वाचून दाखवेन. चिडून नाही, शांतपणे. गावाला एकदा कळू दे की बिनव्याकरणाचं इंग्रजी म्हणजे काय असतं. मग खोलीतली सतरंजी पुरणार नाही.

सत्यभामेला सांगितलं. तिच्या हातातलं भांडं पडलं. म्हणाली, "तुमी नका जाऊ ना तिथं." मी म्हटलं, काहून? तर म्हणाली, सहजच. बायकांना नवऱ्याची लढाई पाहवत नाही, तिचा जीव धास्तावला असेल.

१७ नोव्हेंबर, शनिवार

प्रतिक्षा, जावई, टीना आले. टीना उंच झाली. मी तिच्यासाठी स्वागताची चार वाक्यं तयार ठेवली होती. पहिलं म्हणेपर्यंत ती आजीच्या कमरेला मिठी मारून आत गेली होती.

१९ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

काल लिहिलं नाही. आज लिहितो.

पटांगण भरलं होतं. धान शेतातल्या बांधीत कापून पडलंय तरी लोक आले होते, बाहेरगावचे पाहुणेही. जिलेबीची दुकानं, फुगेवाले, सगळं होतं. मला हार घातला. माझ्या मांडीवर कोरा कागद, हातात लाल पेन. एकेक जण आला आणि माझा कागद भरत गेला. कोणी म्हणे, "आय अॅम हॅविंग टू बफेलो." कोणी म्हणे, "यस्टरडे आय गो पवनी." लोक टाळ्या वाजवत होते. खुशबूसुद्धा, माझी खुशबू, 'डिस्कस अबाउट' म्हणाली आणि पुढे बोलत राहिली, अडखळली नाही, लाजली नाही. मी लिहीत होतो.

मग अश्वजितनं माइक घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि नाव पुकारलं. मला वाटलं, गावात दुसरी कोणी सत्यभामा असेल.

निळी साडी नेसून ती पायऱ्या चढली. माझ्याकडे पाहिलं नाही. समोर टीना आईच्या मांडीवर बसली होती, तिच्याचकडे पाहत बोलली. "माय नेम सत्यभामा. आय लिसन इंग्लिश थर्टी फाइव्ह इयर. आय नो टॉक. नाऊ आय टॉक. टीना, माय हाऊस यू कम, आय व्हेरी हॅपी. आय कम युअर हाऊस. यू शो मी लिफ्ट. आय शो यू करंजी." टीना खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. प्रतिक्षा डोळे पुसत होती. तिला माहीत होतं. जावयांना माहीत होतं. शकुनबाई, हिरालाल, अख्ख्या गावाला माहीत होतं. रोज दुपारी विहाराच्या नावाखाली माझी बायको कोणाला कांदे-बटाटे विकत होती, ते फक्त मला माहीत नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी उठलो. कागद हातात होता. माझ्या पुढे दोन रस्ते होते असं कोणी म्हणेल, मला ते दिसले नाहीत. मी सगळ्यांच्या चुका वाचल्या. तिच्याही वाचल्या. घरची म्हणून तिला सोडलं असतं तर तो पक्षपात झाला असता. शब्द कुठे सुटला, काळ कुठे चुकला, सगळं सांगितलं, बरोबर वाक्य कसं होतं तेही सांगितलं. मी आवाज चढवला नाही. म्हणालो, माझ्या माणसांवर पुन्हा कोणी हसू नये म्हणून सांगतो.

टाळी वाजली नाही. पटांगणात जिलेबीच्या कढईचा आवाज येत होता. तेवढ्यात टीना मोठ्यानं विचारती झाली, "आजी, व्हाय इज आबा अँग्री?"

सत्यभामा स्टेजच्या कडेलाच उभी होती. तिनं अश्वजितच्या हातातून माइक घेतला. अध्यक्षानंतर कोणी बोलत नाही, हे तिला माहीत नाही असं नाही. म्हणाली, "ही नॉट अँग्री, टीना. ही करेक्ट. ओन्ली करेक्ट."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, हसण्याची मला सवय आहे. अश्वजितनं माइक बंद केला आणि खाली पाहत उभा राहिला. कार्यक्रम संपला असं कोणी म्हटलंच नाही. लोक उठून गेले.

गावाची रीत मोडली तिनं, तीही माझ्यावर बोलून.

२० नोव्हेंबर, मंगळवार

मी विचारलंच. दोन महिने माझ्या पाठीमागे, माझ्याच हातच्या पोराकडे, तेही चुकीचं शिकायला? घरात इंग्रजीचा मास्तर बसला असताना? मला एकदा विचारलं असतं तर मी रोज तास घेतला असता.

ती करंज्यांचा डबा भरत होती, बंगलोरला न्यायला. डबा लावला आणि मग म्हणाली, "तुमाले विचारलं असतं तर तुमी शिकवलं असतं. मले शिकाचं नव्हतं जी. मले बोलाचं होतं."

हे काय उत्तर झालं?

आणि तेव्हाच समजलं की डबा कोण नेणार आहे. प्रतिक्षानं आईचं तिकीट दिवाळीच्या आधीच काढलंय. चार महिन्यांसाठी. सगळं ठरलेलं. मला विचारायचं राहिलं म्हणे, सांगायचंही राहिलं. मी ओरडलो. टीना आजीच्या मागे लपली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

गेले. नागपूरच्या स्टेशनवर मी गेलो नाही. मोटार चौकातून वळेपर्यंत अंगणात उभा होतो, एवढंच. अश्वजित त्यांना पोचवायला गेला.

माझी माणसं! एकाला हातानं वाढवलं, एकीशी जन्म काढला, आणि दोघांनी मिळून मला गावापुढे उभं केलं. शत्रूनं केलं असतं तर झोप आली असती.

२ डिसेंबर

वर्ग बंद केला. पाटी काढली नाही. झोपणारा पोरगा सांगून गेला की तो आता तिकडे जातोय.

अश्वजित परवा आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, सर, माझ्या क्लासात आठवड्यातून एक तास व्याकरणाचा घ्या, पोट्ट्याईले गरज आहे, मलेबी आहे. मी म्हटलं, तुझ्या जाहिरातीवर काय छापलंय ते आधी वाच. जाताना तो अंगणातल्या वालाच्या वेलाला बादलीभर पाणी घालून गेला. हा वेल सत्यभामेचा. मी विसरलो होतो, पानं पिवळी पडायला लागली होती.

९ डिसेंबर, रविवार

आज टीनाचा फोन आला. स्वतः लावला होता, आईनं नाही. मागून सत्यभामेचा आवाज येत होता. तिथल्या कोणा बाईशी बोलत होती, लिफ्टबद्दल, सगळं चुकीचं, आणि दोघी हसत होत्या. त्या घरात ती अशी मोठ्यानं हसते. इथं नाही हसली कधी.

टीनानं विचारलं, "आबा, व्हॉट डिड यू डू टुडे?"

साधा प्रश्न. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आज मी वेलाला पाणी घातलं, हेच सांगायचं होतं. सुरुवात केली आणि मनात आलं, पाणी घालणं याला एकच क्रियापद आहे, ते वापरावं. वेल म्हणजे 'क्रीपर' की 'क्लायंबर'? वाल चढतो, तेव्हा 'क्लायंबर'. आजीचा वेल, म्हणजे षष्ठी. वेळ भूतकाळाची. वाक्य मनात नीट लावलं, एकदा तपासलं, आणि बोललो.

पलीकडे कोणी नव्हतं. फोन चालू होता. दूर कुठेतरी टीना म्हणत होती, "आजी, कम, कम," आणि सत्यभामा म्हणत होती, "आय कमिंग, आय कमिंग."

मी बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग ठेवला.

वाक्य वाया जायला नको म्हणून इथं लिहून ठेवतो. 'टुडे आय वॉटर्ड युअर ग्रँडमदर्स बीन क्लायंबर.' पुन्हा वाचून पाहिलं. चूक नाही.